जोड मोबी फोडून आतली पुस्तकं वेगळी कशी काढायची?

अबोली (शनिवार, रात्री १०.४२)

मंडळी, मदत हवी आहे. माझ्या काकांनी आयुष्यभर लिहिलेले लेख त्यांनी स्वतःच खटपट करून ई-पुस्तकात बसवले होते. काका गेले, त्यांचा संगणक त्याआधीच भंगारात गेला होता. उरली आहे ती पेनड्राइव्हवरची एकुलती एक फाइल. नाव ‘अंतिम_खरंच_अंतिम’, पुढे .मोबी, म्हणजे काइंडलचा जुना ई-पुस्तक प्रकार. आत ४२ लेख, पन्नासेक फोटो आणि भरपूर टिपा. आकार १४ एमबी.

मला यातून तीन गोष्टी हव्या आहेत. भावंडांच्या फोनसाठी ईपब (सगळीकडे चालणारा ई-पुस्तकाचा प्रकार), आईच्या काइंडलसाठी तिथे नीट दिसेल असं काहीतरी, आणि शुद्धलेखन सुधारता येईल असा मजकूर. एका ऑनलाइन कन्व्हर्टरवर फाइल चढवून पाहिली. ईपब मिळालं, पण टिपांचे दुवे मेलेले, काकांनी हौसेने घातलेला फाँट गायब आणि मथळे साध्या ओळींसारखे. फोटोही धुवट झाले.

फाइल बिघडली असेल का? की माझंच काही चुकतंय?

रिकामटेकडा (शनिवार, रात्री १०.५५)

‘अंतिम_खरंच_अंतिम’ वाचून भडभडून आलं. माझ्याकडे ‘अंतिम_३_हेच_घे’ आहे. काका आपल्यातलेच होते.

उत्तर माहीत नाही, पण धागा पकडून ठेवतो.

बोरूबहाद्दर (शनिवार, रात्री ११.२०)

अबोली, फाइल बहुतेक ठणठणीत आहे. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात आवडला तो आकडा, १४ एमबी. पन्नास फोटो धरले तरी जास्त वाटतोय, म्हणजे आत एकाहून अधिक पुस्तकं असावीत.

थोडा इतिहास सांगतो, त्याशिवाय हे कळणार नाही. मोबी ही रचना पाम हँडहेल्डच्या जमान्यातली. मोबीपॉकेट नावाची फ्रेंच कंपनी २००० साली निघाली, २००५ मध्ये ती ॲमेझॉनने घेतली आणि काइंडलची पुस्तकं त्याच घडणीवर उभी राहिली. २०११ च्या अखेरीस केएफ८ नावाची नवी रचना आली. हिच्यात सीएसएस (पानाच्या सजावटीचे नियम) चालतं, स्वतःचा फाँट घालता येतो, स्वभावाने ती ईपबची चुलतबहीण आहे. पण जुनी यंत्रं लोकांच्या हातात होतीच. मग काइंडलजेन हे पुस्तकं बांधायचं साधन एकाच .मोबीत दोन्ही पुस्तकं भरायला लागलं. आधी जुनं मोबी७, मग एक सीमारेषा, मग नवं केएफ८. जुनं यंत्र पहिलं वाचतं, नवं यंत्र उडी मारून दुसऱ्यावर जातं.

तुमच्या कन्व्हर्टरने बहुधा पहिलं, म्हणजे जुनं पुस्तक उचललं. त्यात फाँट नसतोच आणि मथळ्यांची सजावटही जेमतेम. तेव्हा रूपांतराच्या फंदात पडू नका. फाइल फोडा.

फोडण्याआधी खात्री करून घ्या. कोणत्याही हेक्स व्ह्यूअरमध्ये (फाइलीतले बाइट आकड्यांत दाखवणारं साधन) फाइल उघडा. पहिले ६० बाइट सोडले की ‘बुकमोबी’ ही आठ रोमन कॅपिटल अक्षरं सलग दिसली पाहिजेत. मग शोधात ‘बाउंडरी’ हा शब्द टाका, तोही कॅपिटलमध्ये. सापडला तर जोड फाइल नक्की. आणि ‘एसआरसीएस’ ही चार अक्षरंही शोधा. ती कशाला, ते सापडल्यावर सांगतो.

तळटीप (रविवार, सकाळी ८.०५)

बोरूशेठ, फोडण्यापेक्षा कॅलिबर (ई-पुस्तकं सांभाळायचं, बदलायचं सॉफ्टवेअर) लावून सरळ ईपब करून घेतलं तर काय बिघडतं? मी वर्षानुवर्षं तेच करतोय आणि टिपाही चालतात.

बोरूबहाद्दर (रविवार, सकाळी ९.३०)

वाचायचंच असेल तर काही बिघडत नाही. मीही करतो. पण कॅलिबरचं रूपांतर म्हणजे पुस्तक उसवून परत शिवणं. आलेली फाइल आधी त्याच्या आतल्या साच्यात जाते, मग सगळी सीएसएस सपाट होते आणि ‘कॅलिबर१’, ‘कॅलिबर२’ अशा नावांचे वर्ग तयार होतात, २६० केबीपेक्षा मोठी पानं तुकडे करून ठेवली जातात (ही मर्यादा बदलता येते, पण मुळात तेवढीच असते). वाचणाऱ्याला फरक कळणार नाही. पण अबोलीला पुढे शुद्धलेखन सुधारायचंय. ‘कॅलिबर१७’ म्हणजे काकांची टीप की काकांचा मथळा, हे शोधत बसायला कोणाला वेळ आहे?

फोडलं की जसं आहे तसं समोर येतं. कॅलिबरवाल्यांनाच फोडायचं असेल तर त्याच्या डीबग साधनात ‘एक्सप्लोड बुक’ आणि ‘इम्प्लोड बुक’ अशी जोडी आहे. एझडब्ल्यू३ (केएफ८ ची सुटी फाइल) किंवा ईपब फोल्डरमध्ये पसरायचं, हात फिरवायचा, परत बांधायचं. जोड मोबीसाठी मात्र मी काइंडलअनपॅकच सुचवेन. पायथनमध्ये लिहिलेलं आहे, खिडकीवालं रूपही आहे, आणि कॅलिबरमध्ये प्लगइन म्हणूनही बसतं.

अबोली (रविवार, दुपारी २.१५)

बुकमोबी दिसलं! बाउंडरी सापडलं! आणि ती चार अक्षरंही आहेत! हेक्स व्ह्यूअर आयुष्यात पहिल्यांदा उघडला, आकड्यांच्या त्या भिंतीत ओळखीचा शब्द दिसल्यावर चक्क टाळी वाजवली.

प्लगइन बसवलं, फाइल दिली, ‘जोड फाइल विभाग’ अशा अर्थाच्या पर्यायावर खूण केली आणि चालवलं. आता एक मोबी७ फोल्डर आलंय, एक मोबी८ (म्हणजे ते केएफ८). शिवाय दोन सुट्ट्या फायली, जुनी .मोबी ५.२ एमबी आणि .एझडब्ल्यू३ ५.५ एमबी. आणि ‘काइंडलजेनएसआरसी’ नावाची एक झिप, ७.९ एमबी. बेरीज केली तर १८.६ येते. फाइल तर १४ ची होती. हे कसं काय?

बोरूबहाद्दर (रविवार, दुपारी २.४०)

चित्रं! जोड फाइलीत दोन्ही पुस्तकं मिळून चित्रांचा एकच संच वापरतात. वेगळी केल्यावर दोघांना आपापला संच द्यावा लागतो. म्हणजे तुमची चित्रं ४.६ एमबीच्या आसपास असणार. हिशोब चोख आहे.

आता ती झिप. ताई, जरा बसून घ्या आणि मग उघडा. काइंडलजेन पुस्तक बांधताना, नको म्हणून मुद्दाम सांगितलं नसेल तर, ज्या फायलींवरून पुस्तक बांधलं त्या सगळ्यांची झिप करून पुस्तकाच्या पोटातच ठेवायचं. एसआरसीएस म्हणजे तीच नोंद. काकांनी ‘नको’ म्हटलेलं दिसत नाही.

वाचनमात्र (रविवार, दुपारी ३.१०)

एरवी नुसता वाचतो, आज विचारतो. मग माझ्याकडची विकत घेतलेली पुस्तकं पण अशीच फुटतील का?

बोरूबहाद्दर (रविवार, दुपारी ३.३५)

नाही. एक तर दुकानातून आलेल्या प्रतीत मूळ झिप नसते. दुसरं, बहुतेकांना नक्कल रोखणारं कुलूप (डीआरएम) असतं. कुलूप असलं की काइंडलअनपॅक तिथेच थांबतं आणि तसं स्पष्ट सांगतं. कुलूप तोडण्याची चर्चा या धाग्यात नको. तिसरं, २०१५ पासून आलेली केएफएक्स रचना पूर्ण वेगळी आहे, तिथे ‘बुकमोबी’ सापडणारच नाही. हा सगळा खेळ आपण स्वतः बांधलेल्या किंवा मोकळ्या पुस्तकांचा.

अबोली (रविवार, रात्री ९.५०)

उघडली झिप.

४२ एचटीएमएल फायली, लेखांच्या नावांनी. फोटो मूळ आकारात, फाँट, एक स्टाइलशीट आणि ओपीएफ (पुस्तकाची माहिती आणि आतल्या फायलींची यादी). मोबी८ फोल्डरमध्ये पानांची नावं ‘पार्ट००००’, ‘पार्ट०००१’ अशी कोरडी होती, इथे प्रत्येकाला काकांनी दिलेलं नाव आहे.

आणि लेखांच्या मधेमधे त्यांनी स्वतःसाठी लिहिलेल्या नोंदी आहेत, एचटीएमएलच्या त्या न दिसणाऱ्या कॉमेंट असतात तशा. अठराव्या लेखात, एका फोटोच्या वर: ‘तारीख वहिनीला विचारणे’. वहिनी म्हणजे माझी आई. त्यांनी विचारलंच नाही. मी आज विचारलं. फोटोतली माणसं तिने बरोबर सांगितली, साल मात्र तिलाही आठवेना.

बाकी उद्या.

तळटीप (रविवार, रात्री १०.२०)

अबोलीताई, आता कॅलिबरचा हट्ट सोडला. फोडाच.

रिकामटेकडा (रविवार, रात्री १०.३१)

+१. आज टिंगल नाही.

खटपट्या (सोमवार, सकाळी ७.४५)

उशिरा पोचलो. ‘पार्ट००००’ का येतं ते सांगतो, कारण यात मी एकदा हात भाजून घेतलाय. केएफ८ बांधताना मूळ पानांची नावं फेकली जातात. प्रत्येक पानाचा एक सांगाडा असतो आणि मजकुराचे तुकडे वेगळे. फोडणारं साधन सांगाड्यात तुकडे बसवून पान परत उभं करतं, पण नाव कुठून आणणार? म्हणून क्रमांक. त्यामुळे मूळ झिप सापडली असेल तर दुरुस्त्या तिच्यावरच करा, मोबी८ वर नको.

आणि माझा किस्सा. मोबी७ चा कच्चा मजकूर मी कधीतरी बाहेर काढला होता, दुवे सुधारण्याआधीचा. त्यात दुवा म्हणजे नुसता आकडा असतो, ‘फाइलीच्या सुरुवातीपासून इतक्या बाइटवर जा’. मी आधी शुद्धलेखन सुधारत बसलो. एके ठिकाणी ‘आणि’ घातला. डोळ्यांना दोन अक्षरं, पण यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) मध्ये आ, ण आणि वेलांटी मिळून तीन चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, एकूण नऊ. झालं, पुढचे सगळे दुवे नऊ बाइट मागे. शंभरेक दुरुस्त्यांनंतर टीप क्रमांक ५ वर टिचकी मारली की टीप ४ च्या ऐन मध्यात जाऊन पडायचो. आधी दुव्यांचं रूपांतर होऊ द्यावं (काइंडलअनपॅक ते आपणहून करतं), मगच मजकुराला हात लावावा.

याच्याही आधी मी शहाणपणा करून स्वतःच एक फोडणारी स्क्रिप्ट लिहिली होती. ठरावीक अंतराने मजकुरात प्रश्नचिन्हाची चौकट यायची. दोन रात्री गेल्या. मोबीतला मजकूर ४०९६ बाइटच्या नोंदींत कापलेला असतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि ४०९६ ला तीनने पूर्ण भाग जात नाही, एक उरतो. मग नोंदीच्या काठावर अक्षराचं मुंडकं इकडे, धड तिकडे. ते पुरं करायला लागणारे बाइट नोंदीला शेपटीसारखे जोडलेले असतात आणि पुढच्या नोंदीच्या सुरुवातीलाही तेच असतात. शेपूट छाटून नोंदी जोडायच्या आणि मगच अक्षरं वाचायची. मी प्रत्येक नोंद सुटी वाचत होतो. इंग्रजी पुस्तकावर हीच स्क्रिप्ट सुरळीत चालायची, म्हणून मी दोष फाँटला देत होतो.

बोरूबहाद्दर (सोमवार, सकाळी ८.१०)

खटपट्या, वेगळा धागा काढा यावर. ही मंडळी शेपटीत अडकायची.

अबोली (सोमवार, रात्री ११.०५)

अडकलेच, पण दुसरीकडे. पाच लेखांचं शुद्धलेखन सुधारलं. ओपीएफ वगैरे मोबी८ मधलं बघून जुळवलं, फोल्डरवर राइट-क्लिक करून झिप केली आणि शेवटचं .झिप काढून .ईपब केलं. फोनवरचं वाचक-ॲप म्हणतं ‘ही फाइल उघडता येत नाही’. ईपबचेक नावाचं तपासनीस साधन चालवलं, ते पीकेजी-००६ म्हणून ओरडतंय.

खटपट्या (सोमवार, रात्री ११.२०)

हा तर सगळ्यांना चावणारा विंचू. ईपब म्हणजे झिपच, पण पहिल्या पानाची अट असलेली. ‘माइमटाइप’ नावाची फाइल झिपमध्ये सगळ्यात पहिली हवी आणि ती न दाबता, जशीच्या तशी ठेवलेली हवी. पीकेजी-००६ चा अर्थच तो, माइमटाइप नाही किंवा पहिला नाही.

तुम्ही बाहेरचं फोल्डर झिप केलंत, म्हणजे झिपच्या आत आधी एक फोल्डर, त्याच्या आत माइमटाइप. फोल्डरच्या आत जा. आधी फक्त माइमटाइप, कॉम्प्रेशन शून्य ठेवून, नव्या झिपमध्ये टाका. मग त्याच झिपमध्ये मेटा-आयएनएफ फोल्डर आणि बाकीचं सगळं, नेहमीसारखं दाबून. मॅक असेल तर डीएस-स्टोअरसारखी लपलेल्या फायलींची भुतं आत शिरू देऊ नका.

अबोली (मंगळवार, सकाळी ७.३०)

केलं. आता ००६ गेलं, पण ००७ आलं!

खटपट्या (मंगळवार, सकाळी ७.४१)

माइमटाइप नोटपॅडमध्ये हाताने लिहिलात ना? शेवटी एंटर दाबला असणार. त्या फाइलीचा आकार बघा. बरोबर २० बाइट पाहिजे.

अबोली (मंगळवार, सकाळी ७.४८)

२२ 🤦‍♀️

अबोली (मंगळवार, सकाळी ७.५६)

उघडलं!! टिपा जातात, परत येतात, काकांचा फाँट दिसतोय. चुलत भावाला पाठवलं.

तळटीप (मंगळवार, सकाळी ९.१५)

अभिनंदन. पुढच्या वेळी हे हाताने करू नका. सिजिल (ईपब संपादित करायचं सॉफ्टवेअर) वापरा, सेव्ह करताना माइमटाइपची काळजी तोच घेतो. त्याला ‘काइंडलइम्पोर्ट’ नावाचं प्लगइनही आहे, मोबी किंवा एझडब्ल्यू३ सरळ सिजिलमध्ये उघडतं.

अबोली (बुधवार, रात्री ९.००)

शेवटचा प्रश्न, मग छळणार नाही. ४२ लेख दोन पुस्तकांत वाटायचे आहेत, प्रवासाचे १९ वेगळे, बाकीचे वेगळे. ईपब ‘तोडायचं’ साधन आहे का?

तळटीप (बुधवार, रात्री ९.४०)

कॅलिबरमध्ये ‘ईपबस्प्लिट’ प्लगइन. पुस्तकातली पानं यादीसारखी दिसतात, हवी ती निवडायची, त्यांचं नवं ईपब बनतं. लागणारी चित्रं आणि स्टाइलशीट तो बरोबर घेतो.

आता माझ्या नावाला जागून दोन शब्द. तुमच्या टिपा प्रत्येक लेखाच्या शेवटी आहेत की सगळ्या मिळून एका वेगळ्या पानावर? वेगळ्या पानावर असतील तर ते पान दोन्ही पुस्तकांत न्यावं लागेल आणि मग नको असलेल्या टिपा काढाव्या लागतील. त्यापेक्षा तोडण्याआधीच सिजिलमध्ये टिपांचं पान दोन भागांत कापा. सिजिल कापताना इतर पानांतले दुवे स्वतः जुळवून घेतो, आपण हाताने कापलं तर ते आपल्यालाच निस्तरावं लागतं. आणि एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे ‘मागे म्हटल्याप्रमाणे’ असे दुवे काकांनी दिले असतील, तर पलीकडच्या पुस्तकात गेलेल्या पानाचा दुवा मरणारच. तिथे नुसतं लेखाचं नाव ठेवा.

एक विसरू नका, दोन्ही पुस्तकांचा ओळख-क्रमांक, ओपीएफमधला आयडेंटिफायर, वेगळा करा. दोघांचा एकच राहिला तर काही वाचक-ॲप त्यांना एकच पुस्तक समजतात.

अबोली (गुरुवार, रात्री १०.१५)

टिपा लेखांच्या शेवटीच निघाल्या, काका शहाणे होते. ‘मागे म्हटल्याप्रमाणे’ मात्र अकरा ठिकाणी.

दोन्ही पुस्तकं तयार. आईच्या काइंडलवर वेगळी केलेली एझडब्ल्यू३ तारेने चढवली, ती पहिला लेख वाचतेय.

बोरूबहाद्दर (गुरुवार, रात्री १०.३०)

छान. एक सूचना, नातेवाइकांना मूळ १४ एमबीची फाइल पाठवू नका. तिच्या पोटात ती झिप आहे, म्हणजे काकांच्या सगळ्या खाजगी नोंदीही. वेगळ्या केलेल्या फायलींत ती नसते.

अबोली (गुरुवार, रात्री १०.५२)

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. एकतिसाव्या लेखात एका नातेवाइकाबद्दल जे लिहिलंय ना, ते बाहेर गेलं असतं तर पुढचं लग्नकार्य अवघड होतं. झिप माझ्याकडेच ठेवतेय, दोन ड्राइव्हवर.

रिकामटेकडा (गुरुवार, रात्री ११.०१)

एकतिसावा लेख व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

(वाखु, म्हणजे वाचनखूण, साठवली आहे. आता ‘अंतिम_३_हेच_घे’ फोडायला बसतो.)